पहिला नकार

बोटीवर काय असेल आणि काय नसेल, हे केतननं आईला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं होतं. नदी आहे, समुद्र नाही, त्यामुळे लाटा नसतील आणि मळमळणार नाही. खोली लहान असेल, पण खिडकी उघडली की थेट पाणी. जेवायला सगळे एकाच दालनात, जागा ठरलेली नाही, आवडेल त्या टेबलावर बसायचं. गावात उतरलं की गाइड असेल. कानात घालायला एक यंत्र देतील, त्यातून त्याचं बोलणं ऐकू येईल. उतरताना आपलं कार्ड सोबत घ्यायचं, परत आल्यावर दाखवायचं, म्हणजे बोट कुणाला काठावर विसरून निघून जात नाही. "आल्झो, म्हणजे एकदम निवांत, आई. तुला काही म्हणजे काही करायचं नाही."

कांताबाईंना नेमकी त्याचीच धास्ती होती. सगळी हयात नाशिक जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत नर्स म्हणून काढलेल्या बाईला नुसतं बसून राहणं ही शिक्षाच. पण मुलानं हौसेनं तिकिटं काढली होती. एक तिचं, एक स्वतःचं. मायलेकांनी फ्रँकफर्टहून निघायचं, ऱ्हाइन नदी बघायची, मोझेल बघायची आणि आठवड्यानं परत फ्रँकफर्टला यायचं. बेत खरं म्हणजे सुनेचा, उर्जाचा. "अहो आई, आल्यापासून तुम्ही आमच्यामागेच धावताय. जा ना दोघं जरा," असं ती म्हणाली तेव्हा कांताबाईंनी वरवर नाक मुरडलं होतं आणि त्या रात्री आनंदानं त्यांना झोप लागली नव्हती. केतनबरोबर आठ दिवस! तो शिकायला म्हणून जर्मनीत आला, त्यानंतर एवढा सलग तो त्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

आणि मग नेमकी त्याच आठवड्यात ऑफिसची कसलीशी महत्त्वाची मीटिंग उपटली.

केतन स्वयंपाकघरात आला तेव्हा त्या कणीक मळत होत्या. "आई, काय करू सांग. मी बॉसशी बोललोय, मीटिंग सोडून येऊ शकतो. येऊ ना?"

"छे रे, काम सोडून कशाला? मी काय कुकुलं बाळ आहे? जाईन एकटी."

"नक्की?"

"हो रे बाबा, नक्की."

"ओके," केतन म्हणाला. त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं आणि मुलीला, धम्मदीपाला, शाळेतून आणायला निघून गेला. कांताबाई मात्र कणकेत हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या.

आता या बोलण्यात चुकलं काय, असं जर्मनीत कुणाला विचारलं तर तो बुचकळ्यात पडेल. आईला विचारलं, आईनं सांगितलं, मुलानं ऐकलं. पण आपल्याकडे पहिलं 'नको' हे कुणी उत्तर म्हणून धरतच नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, वाढणारीनं तरी वाढायचं. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा, वाढणारीनं बोटांच्या फटीतून तूप सोडायचं. मग पाहुण्यानं "अहो, काय हे!" म्हणत तृप्त व्हायचं. कांताबाईंचा तर सगळा संसारच या रिवाजावर उभा होता. त्यांचे यजमान रामदास हे एसटीच्या कारखान्यात मेकॅनिक, बोलायला अगदी कमी. चहा घेतेस का, असं संध्याकाळी विचारायचे. कांताबाई नको म्हणायच्या. आणि ते दोन कप घेऊन यायचे. जन्मभर यायचे. त्यामुळे आपण नको म्हणतो याचं कांताबाईंना कधी भानच राहिलं नव्हतं.

कांताबाई जर्मनीत आल्या आल्याच नातीनं या फरकाची चुणूक दाखवली होती म्हणा. धम्मदीपाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून. ती बिस्किटाचा पुडा पुढे करायची, आजी नको म्हणायची, की ते बिस्किट पोरगी तत्काळ स्वतःच्या तोंडात टाकायची आणि वर "गुट", म्हणजे 'बरं', म्हणायची. कांताबाई तेव्हा हसल्या होत्या.

तर अशा रीतीनं, स्वतःच्याच तोंडानं, कांताबाई बोटीवर एकट्या जाऊन पोचल्या.

बोट छोटी होती, हे केतननं सांगितलेलं खरं निघालं. पण छोट्या बोटीत एकटं माणूस फार मोठं दिसतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं. सगळीकडे जोड्या. पिकल्या केसांचे नवरा-बायको, एकाच रंगाची जॅकेटं घातलेले. खोलीत जोडून लावलेले दोन पलंग, दोन उशा, दोन उशांवर दोन चॉकलेटं. कांताबाईंनी एका पलंगावर स्वतःची पिशवी ठेवली, म्हणजे तो अगदीच रिकामा वाटू नये. फ्रँकफर्टच्या धक्क्यावरून बोट निघाली तेव्हा अंधार पडत आला होता. खिडकीतून दिवे सरकताना दिसले, त्यातले काही र्युसेल्सहाइमचे असणार, म्हणजे केतनच्याच गावाचे. कुठले, ते काही कळलं नाही.

त्याआधी जेवणाचा प्रसंग येऊन गेला होता. जागा ठरलेली नसते, आवडेल तिथे बसायचं, हे ऐकायला छान. प्रत्यक्षात दारात उभं राहून सगळ्या टेबलांकडे बघावं लागतं, आणि सगळी टेबलं आपल्याकडे बघतात. कांताबाई एका रिकाम्या खुर्चीशी गेल्या, "मे आय?" म्हणाल्या. चौघांनी मोठ्या प्रेमानं मान डोलावली, नावं सांगितली, इंडिया म्हटल्यावर ताजमहाल म्हटलं आणि परत आपापल्या गप्पांत शिरले. मग वेटर आला.

"सूप, मॅडम?"

"नो नो, थँक यू," कांताबाई म्हणाल्या आणि तो पुन्हा विचारील म्हणून त्यांनी चमचा सरळ करून ठेवला.

वेटरनं अदबीनं मान लववली आणि तो पुढे गेला. मग मासा आला, तोही तसाच गेला. गोड आलं तेव्हा पोटात कावळे ओरडत होते, आता हो म्हणायचंच असं त्यांनी घोकून ठेवलं होतं, आणि वेटर वाकताच तोंडातून सवयीनं "नो नो" निघालं. शेजारची बाई आपल्या नवऱ्याला काहीतरी हळूच म्हणाली. उपास असेल, असंच म्हणाली असावी. खोलीत येऊन कांताबाईंनी पिशवीतला चिवडा खाल्ला. तो उर्जानं हट्टानं दिला होता. देताना तिनं काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि नदी बघायला म्हणून पडदा सारला. समोर नदी नव्हती. समोर हातभर अंतरावर दुसरी खिडकी होती, आणि तिच्यात बनियन घातलेला एक म्हातारा दात घासत होता. धक्क्यावर जागा कमी पडली की बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, हे त्यांना मागाहून कळलं. म्हातारा दचकला. कांताबाई दचकल्या. त्यानं ब्रश तोंडात तसाच ठेवून मान हलवली आणि आपला पडदा ओढून घेतला. एवढंच झालं. पण घर सोडल्यापासून आपल्याकडे नीट बघणारा हा पहिलाच माणूस, असं मनात आलं आणि कांताबाईंना रडू फुटलं. पलंगाच्या कडेला बसून त्या पदरात तोंड खुपसून रडल्या, आणि मग नर्सबाईंनी स्वतःला दटावलं, तोंड धुतलं आणि नाश्त्याला गेल्या.

पुढचे दिवस त्यांनी शहाण्या मुलीसारखं सगळं बघितलं. ऱ्हाइनच्या दोन्ही काठांवर डोंगर, डोंगरांवर किल्ले, उतारांवर द्राक्षांचे मळे. द्राक्षं नाशिकच्या माणसाला काय दाखवायची! पण इतक्या उभ्या चढावर ती लावणारा माणूस मात्र त्यांना खरोखर चिवट वाटला. सांगावं असं वाटलं, आणि सांगायला शेजारी कुणी नव्हतं. संध्याकाळी केतनचा फोन यायचा. "मजा येते ना, आई?" "हो रे, छान आहे सगळं." "जेवण?" "भरपूर असतं." भरपूर असायचंच, ते खोटं नव्हतं.

मोझेलवर कोखेम नावाचं गाव लागलं. तिथं त्या मागे पडल्या. किल्ल्याकडे जाणारा रस्ता दगडी, चढा, आणि गुडघे साठी उलटलेले. कानातल्या यंत्रातून गाइडचं इंग्रजी ऐकू येत होतं, कुणी राजा, कुणी फ्रेंच सैन्य. मग आवाज खरखरला, तुटक झाला आणि बंद पडला. वर बघितलं तर गल्ली मोकळी. मंडळी वळण घेऊन केव्हाच पुढे गेली होती. कांताबाई जवळच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळानं काठी टेकत एक उंच म्हातारी आली, कानातलं यंत्र काढून खिशात कोंबत तिनं जर्मनमध्ये काहीतरी खास शिवी हासडली आणि शेजारी बसली.

ही फ्राउ, म्हणजे श्रीमती, हार्टमन. कासेलची, ऐंशीच्या घरातली, पूर्वी भूगोल शिकवणारी. हीसुद्धा एकटीच आलेली, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. किल्ला तिनं पूर्वी पाहिला होता, तिच्या मते दुरूनच बरा. बाईचं इंग्रजी कांताबाईंइतकंच बेतशीर होतं, म्हणून दोघींचं छान जमलं. रात्री जेवायला तिनं कांताबाईंना आपल्या टेबलावर बोलावलं. वेटर आला, सूप विचारलं, कांताबाईंनी नको म्हटलं, तो गेला. फ्राउ हार्टमननं चमचा खाली ठेवला.

"तुम्ही रोज नको म्हणता. मी बघते. आवडत नाही का?"

"आवडतं ना."

"भूक नसते?"

"असते."

"मग?"

या 'मग'चं उत्तर इंग्रजीत कसं द्यायचं? कांताबाईंनी हातवारे करत सांगितलं की आमच्यात आधी नको म्हणतात. मग समोरचा पुन्हा विचारतो. मग घेतात.

"आणि त्यानं पुन्हा विचारलं नाही तर?"

"विचारतात."

"नेहमी?"

कांताबाईंनी नॅपकिनची घडी उलगडून पुन्हा घातली.

फ्राउ हार्टमननं वेटरला हाक मारून सूप मागवलं आणि ते येईपर्यंत सांगितलं, "माझी मुलगी माझ्याच गावात राहते. मी तिला सांगते, रविवारी तीन वाजता ये. ती येते. नाही सांगितलं तर येत नाही. तिला काय माझ्या मनातलं दिसतं?"

"आणि तुम्ही नको म्हणालात आणि ती आली तर?"

"तर मी रागावीन. मी नको म्हटलं म्हणजे नको. माझा शब्द तिनं मोजलाच नाही, असं होईल ना ते?"

सूप आलं. गरम होतं, बटाट्याचं होतं, आणि कांताबाईंना ते गिळवेना.

कारण मनात एक वाक्य होतं, ते या सुपाच्या वाफेत उघडं पडलं होतं. चार वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. बापाच्या शेवटच्या दिवसांत पोटचा पोरगा आला नाही, हे ते वाक्य. रामदास नाशिकच्या दवाखान्यात होते तेव्हा केतनचा रोज फोन यायचा. "आई, मी येऊ का?" आणि कांताबाई म्हणायच्या, "नको रे, एवढ्या लांबून कशाला? बरे आहेत ते." यजमानांच्या पायांवरची सूज त्या स्वतः रोज बोटानं दाबून बघत होत्या. खड्डा पडायचा आणि भरायचा नाही. याचा अर्थ काय, हे दवाखान्यातल्या कोवळ्या डॉक्टरपेक्षा त्यांना आधी कळलं होतं. तरी त्या फोनवर बरे आहेत म्हणाल्या, आणि दाराकडे डोळे लावून बसल्या. हा येईलच. नको म्हटलं म्हणून कुणी यायचं राहतं का?

केतन वडील गेल्यावर, पुण्यानुमोदनाला आला. सगळं नीट केलं, भन्तेजींना दान दिलं, नातेवाइकांचं बघितलं. कांताबाईंनी त्याला एका शब्दानं दुखवलं नाही. फक्त त्यानंतर स्वतःहून त्याला कधी फोन केला नाही. त्याचा आला तर घ्यायच्या, तब्येत सांगायच्या, ठेवून द्यायच्या. यंदा त्यानं विमानाचं तिकीटच पाठवलं, तेव्हा त्या पहिल्यांदा इथं आल्या.

त्या रात्री अंथरुणावर त्यांची चिडचिड झाली. फ्राउ हार्टमनचं ठीक आहे, ती जर्मन. केतन काही कासेलला जन्मला नव्हता. पंगतीत पोळ्यांचा आग्रह करत, नको नको ऐकत तो नाशिकलाच मोठा झाला होता. आईचं नको कसं असतं, हे त्याला कळू नये? पण रागाच्या मागून दुसरं काहीतरी हळूहळू पुढे येत होतं, आणि त्याला सामोरं जाणं जिवावर येत होतं. त्यानं विचारलं होतं. रोज विचारलं होतं. आणि त्यांनी रोज उत्तर दिलं होतं.

शेवटच्या दिवशी बोट माइन्त्सला होती. दुपारी निघून, ऱ्हाइन सोडून माइन नदीत शिरून, संध्याकाळपर्यंत फ्रँकफर्टला पोचायची होती. नाश्त्याच्या वेळी केतनचा फोन आला. आवाजात पोरकट उत्साह होता.

"आई, मी मॅप बघितला. तुमची बोट आज आपल्या गावासमोरून जाणार, चारच्या आसपास. माझ्या ऑफिसपासून नदी जवळच आहे. येऊ का काठावर? तुला हात करायला?"

कांताबाई हरखून खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. आणि तोंडातून निघालं, "अरे नको, कशाला उगाच? रात्री भेटणारच आहोत की."

"हो, ते पण खरंय. ओके, आई. उर्जा येईल धक्क्यावर घ्यायला. मला जरा उशीर होईल."

"हो हो. सावकाश ये."

फोन बंद झाला. कांताबाईंनी तो टेबलावर पालथा ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. सगळं समजलेलं असूनही जीभ काही त्यांच्या ताब्यात नव्हती. ती आपली जुन्या वाटेनं चालली होती.

बोट निघाली. आता परत फोन करायचा, एवढंच काम. हजारो बायांना त्यांनी दटावून सांगितलं होतं, येत्या मंगळवारी बाळाला घेऊन ये, नाही आलीस तर मी घरी येईन. तेव्हा जीभ अडखळली नव्हती. पण स्वतःसाठी, मला तू हवास म्हणून ये, असं त्यांनी अख्ख्या जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. आईला नाही, रामदासांना नाही. वेळच आली नव्हती म्हणावं, तर आली होती. दवाखान्यात आली होती.

माइनमध्ये शिरल्यावर लगेच पाण्याची पायरी लागते. बोट दोन भिंतींमध्ये जाऊन थांबते, मागचा दरवाजा बंद होतो, पाणी भरतं आणि बोट वर उचलली जाते. कांताबाई खोलीत होत्या. खिडकीला लागून ओली, शेवाळलेली भिंत उभी राहिली, उजेड गेला. मोबाइल हातात घेऊन त्या त्या भिंतीकडे बघत बसल्या. भिंत इंच-इंच खाली सरकत होती. ती सरून वर आभाळ दिसलं, तेव्हा त्यांनी नंबर लावला.

"आई?" केतनचा आवाज घाबरलेला. "काय झालं? बरं वाटत नाही का?"

आईनं स्वतःहून फोन केला, म्हणजे काहीतरी झालं असणार. हे पोरानं किती सहज धरलं होतं.

"मला काही झालं नाही. तू ये."

"कुठे?"

"नदीवर. काठावर ये."

"पण सकाळी तू... आई, मी मीटिंगमध्ये आहे गं. बाहेर येऊन बोलतोय."

बरं मग राहू दे, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले. कांताबाईंनी दात घट्ट मिटले. बोटीचं इंजिन घुमत होतं.

"सकाळी मी चुकीचं बोलले," त्या शेवटी म्हणाल्या. "मला तू यायला हवा आहेस. ये."

"येतो," केतन म्हणाला.

त्या लगबगीनं वरच्या डेकवर निघाल्या, तर जिन्याला साखळी. माइनवरचे पूल बुटके, म्हणून वर जायला बंदी. कठडे दुमडून ठेवले होते, खुर्च्या आडव्या केल्या होत्या. उघडी जागा म्हणजे बैठकीच्या दालनापुढची, बोटीच्या टोकाची चिंचोळी पट्टी. तिथं दोन जोड्या वाइनचे पेले घेऊन उभ्या होत्या. कांताबाई "सॉरी, सॉरी" करत त्यांच्यातून पुढे घुसल्या आणि उजवीकडचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

डावीकडे दुसरं एक गाव येऊन गेलं. मग उजवीकडे झाडं, गवत, नदीकाठची पायवाट. हे केतनचं गाव. संध्याकाळी धम्मदीपाला घेऊन त्या याच वाटेवर फिरायच्या, पण पाण्यातून ते सगळं परक्याचं वाटत होतं. एक सायकलवाला गेला. कुत्रा घेतलेली एक बाई गेली. बाकांवर दोन पोरं आइस्क्रीम खात बसली होती, त्यांनी बोटीकडे बघून हात हलवला. कांताबाईंनीही हलवला. त्यांची नजर झाडांमागच्या प्रत्येक रस्त्यावर जात होती. बोट हळू चालली होती, तरी काठ सरकत होता, संपत आला होता. आणि मनात ते चार वर्षांचं वाक्य पुन्हा जुळायला लागलं. पोरगा आला ना...

फोन वाजला.

"आई, बोट दिसली! तू कुठेयस? पुढे की मागे?"

"पुढे! अगदी टोकाला!"

दोन झाडांमधून केतन धावत बाहेर आला. ऑफिसचा शर्ट पँटमधून सुटलेला, गळ्यातलं ओळखपत्र खांद्यावरून मागे गेलेलं, एका हातात बॅग, एका हातात फोन. चाळिशी ओलांडलेला, सुटलेल्या पोटाचा त्यांचा मुलगा. त्यानं बॅगवाला हात उंच केला. कांताबाईंनी दोन्ही हात केले, मग फोन कानाशी न्यायचा राहिला म्हणून घाईनं एक खाली घेतला.

"दिसलीस," तो धापा टाकत म्हणाला. "आई, दिसलीस."

"बघितलं रे तुला."

बोट थांबणार नव्हती. बोटीनं त्याला गाठलं, मग ती त्याच्या पुढे जायला लागली, तसा तो पायवाटेवरून बरोबरीनं चालू लागला. चालणं पुरेना, मग तो धावू लागला. कानात त्याचा श्वास ऐकू येत होता. मधे नदीचं पाणी होतं, करडं आणि संथ.

"आई, एक सांगू?" श्वासामधून शब्द तुटत येत होते. "बाबांच्या वेळी मी तिकीट काढलं होतं. विमानाचं. तू नको म्हणालीस, मग रद्द केलं."

कांताबाईंनी कठडा घट्ट धरला.

"मला वाटलं, तुला मी तिथं नकोय," केतन म्हणाला. "बाबांचं तू एकटी बघणार. तुला कुणी मधे नको."

"मी दाराकडे बघत बसले होते रे," कांताबाई म्हणाल्या. आवाज फुटला, तो त्यांनी फुटू दिला. "रोज. त्यांचं काय होणार ते मला माहीत होतं. तरी मी तुला नको म्हणाले. माझी चूक झाली, केतन."

फोनमधून नुसता त्याचा श्वास येत राहिला, त्यात मधेच एक हुंदका होता. दोन पावलं तो अडखळला, पुन्हा सावरला. कांताबाईंच्या शेजारच्या जोडीला हा काहीतरी गमतीचा खेळ वाटला असावा. त्या नवरा-बायकोनं पेले उंचावले आणि काठावरच्या धावणाऱ्या माणसाला मोठ्यानं शाबासकी दिली.

पुढे बुटका पूल दिसू लागला. केतन मागे पडत चालला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता, एक हात बरगडीवर गेला होता, पाय जड पडत होते.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "थांबू का आता?"

हो रे राजा, थांब, दम लागेल, जा घरी, रात्री भेटणारच आहोत. सगळं तोंडाशी आलं. एवढं धावायची सवय नाही त्याला, छातीत कळ आली तर, असंही नर्सबाईंच्या मनात येऊन गेलं. कांताबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. कळ वगैरे काही नव्हतं, नुसता दमला होता.

"अजून थोडं चल," त्या म्हणाल्या.

केतननं बॅग गवतावर टाकली आणि तो पुन्हा धावू लागला.